दाढीतली बारावी बट

बट

जेथ्रो विल्कॉटच्या गुरूने त्याला सगळं शिकवलं, फक्त थांबायला शिकवायचं राहून गेलं.

थेम्सच्या काठी, रॉदरहाइथला, जहाजांच्या पिछाडीवर नक्षी कोरणारे पूर्वी तीस जण होते. मग राणी ॲन गादीवर आली, सरकारी जहाजांवरची नक्षी छाटा असा हुकूम निघाला आणि तिसाचे चार उरले. बाकीचे शवपेट्या करू लागले. त्या धंद्यात गिऱ्हाईक तक्रार करत नाही.

चारांत सगळ्यांत बारीक हात जेथ्रोचा. कोरीव कामात अवघड काय, असं कुणी विचारलं तर तो म्हणे, "डोळ्याची पापणी." त्याची बायको टॅमसिन म्हणे, "पुरे म्हणणं."

या वेळचं जहाज होतं 'प्रुडन्स'. प्रुडन्स म्हणजे शहाणपण. मालक मिस्टर गॉज यांनी ते नाव पिछाडीचं चित्र पाहायच्या आधी ठेवलं असावं. आठ जलपऱ्या. सहा डॉल्फिन. शिंपले मोजायचे नाहीत. द्राक्षांचे घोस. (समुद्रात द्राक्षं कुठून आली, असं कॅप्टन स्टबने विचारलं होतं. "होती जागा," जेथ्रो म्हणाला.) आणि मधोमध, खिडक्यांच्या वर, समुद्रदेव नेपच्यूनचं दीड हाताचं डोकं. त्याचा चेहरा मिस्टर गॉज यांचा. दाढी मात्र देवाची, कारण मिस्टर गॉज यांना दाढी येत नसे.

सगळ्यावर पितळी वर्ख.

"नाकापेक्षा मोती जड," म्हणून कॅप्टन स्टब थुंकला. हे जहाज त्यालाच न्यायचं होतं. त्याचे खलाशी एवढंही बोलत नसत. ते एकच शब्द म्हणत. "जिंजरब्रेड!"

हा शब्द जेथ्रोच्या दोन दातांना महाग पडला होता. जत्रेत मिळतो तो जिंजरब्रेड: काकवी, सुंठ, मिरी, पावाचा चुरा, हे सगळं कोरीव साच्यात दाबायचं, भट्टीत कडक करायचं आणि वरून वर्ख लावायचा. बाहेरून राजा, आतून पावाचा चुरा. सोनेरी पिछाडी पाहिली की खलाशांना जत्राच आठवे. जेथ्रो त्यांच्या अंगावर धावून जाई. ते संख्येने जास्त असत.

आणि खरं दुखणं वेगळंच होतं. रॉदरहाइथमध्ये सगळ्यांत चांगला जिंजरब्रेड विकायची ती टॅमसिन. तिचे साचे कोरायचा तो स्वतः जेथ्रो. मागच्या खोलीत, दार लावून. जहाजाच्या प्रत्येक तुकड्यामागे तो आपली खूण कोरे, जे.डब्ल्यू. साच्यांवर कधी नाही.

"खेळणी आहेत ती," तो म्हणे.

"त्या खेळण्यांवर जेवतोस," टॅमसिन म्हणे.

मिस्टर गॉज यांनी सांगून ठेवलं होतं. गुरुवारी जहाज पाण्यात सोडताना लोक वा म्हणाले, तर दुसऱ्या जहाजाची पिछाडीही जेथ्रोची. नाही म्हणाले, तर तिथे सरळ फळ्या. आणि दुसरं जहाज नसेल, तर जेथ्रो जहाजांचा नक्षीकार राहणार नव्हता.

"माझ्या दुकानात जागा आहे," टॅमसिन प्रेमाने म्हणाली. त्याला ते फाशीची शिक्षा ऐकल्यासारखं वाटलं.

बुधवारी दुपारी काम पुरं झालं. परांची सोडायला माणसं आली. जेथ्रो खाली उतरला, मागे सरला, डोळे बारीक करून बघितलं. दाढीत अकरा बटा होत्या. उजवीकडे सहा, डावीकडे पाच.

तो पुन्हा वर चढला.

एक बट. फक्त एक. पटाशी लावली, मोगरी मारली, एकदा, दोनदा. तिसऱ्या घावाला मानेतली खुंटी सटकली आणि मिस्टर गॉज यांचं डोकं जेथ्रोच्या खांद्याला घासून, परांचीवर आपटून, ओहोटी लागलेल्या नदीत पडलं.

वाळलेला ओक. बुडाला नाही. तरंगत, आभाळाकडे बघत, शांतपणे समुद्राकडे निघून गेला.

डोकं

"गेलं म्हणजे कुठे गेलं?" टॅमसिनने विचारलं. तिचे हात कोपरापर्यंत पिठात होते.

"ग्रिनिचच्या बाजूला."

"मग दुसरं कर."

"चार दिवस लागतात, टॅमसिन! उद्या सकाळी जहाज सुटतंय. मधोमध भोक आहे भोक. जलपऱ्या सगळ्या त्या भोकाकडे बोट दाखवतायत."

टॅमसिन हसली. मग त्याचं तोंड बघून थांबली. मग पुन्हा हसली.

दुकानाच्या मागे, भट्टीशेजारच्या फळीवर, पांढऱ्या कपड्याखाली एक मोठी वस्तू होती. जहाज सोडल्यावर गोदीच्या दिवाणखान्यात मेजवानी असे आणि मेजवानीच्या मधोमध असाच एक थोरला जिंजरब्रेड ठेवायचा रिवाज होता. मालकाने सुरी घालायची, पहिला तुकडा मालकाने खायचा, मग सगळ्यांनी तुटून पडायचं. या वेळी मिस्टर गॉज यांनी नेपच्यूनच सांगितला होता. त्याचा साचा जेथ्रोनेच कोरला होता, दार लावून. नवं चित्र काढायचा कंटाळा आला म्हणून त्याने पिछाडीसाठी चित्राच्या रेघांवर भोकं टोचलेला कागदच उलटा करून लाकडावर ठेवला होता आणि वरून कोळशाची पूड झटकली होती. एक कागद, दोन कामं.

टॅमसिनने कपडा काढला. तोच चेहरा. तेच गाल. दीड हात. वर्खसुद्धा लावून झाला होता.

जेथ्रो चेहऱ्याकडे बघत राहिला. मग बायकोकडे. मग दाराकडे, कुणी ऐकत नाही ना म्हणून.

"नाही," तो म्हणाला.

"मी काही बोललेच नाही."

"जहाजावर जिंजरब्रेड? मी? माझ्या हाताने? अगं, आयुष्यभर ज्या शब्दासाठी मार खाल्ला..."

"बरं. मग भोक ठेव. भोकाला वर्ख लाव."

जेथ्रो पिठाच्या पोत्यावर बसला. बराच वेळ बसला. पोत्याला त्याचा आकार आला.

"चार दिवस टिकेल? सोमवारी जहाज निघायच्या आत ओकचं बसवतो."

"नाताळचं दुसऱ्या नाताळपर्यंत टिकतं. फक्त वर्ख फाटता कामा नये. आत पाणी गेलं की संपलं." तिने हात पुसले. "देते. पण माझी एक अट आहे."

"मागशील ते."

"यापुढे माझ्या साच्यांवर तुझी खूण. समोरच्या बाजूला. आणि दार उघडं ठेवून कोरायचं."

जेथ्रो म्हणाला की ही अडल्या माणसाची नड बघणं झालं. टॅमसिन म्हणाली, हो.

वर्ख

ओकचं डोकं वर न्यायला तीन माणसं लागली होती. हे टॅमसिनने एकटीने, काखेत धरून, शिडीवरून नेलं. माणसांना जेथ्रोने बिअर प्यायला पाठवलं होतं. मानेत खुंटी, पाठीला सरस, कडेला डांबर. बसलं. असं बसलं की जणू तिथेच जन्मलं.

जेथ्रो परांचीवर मागे झुकून बघत होता. अकरा बटा. उजवीकडे सहा, डावीकडे...

"जेथ्रो!"

त्याचा हात नेपच्यूनच्या कानामागे पोचला होता. पटाशीच्या टोकाने वर्खावर एक ओरखडा. नखाएवढा.

"खाली उतर," टॅमसिन म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. हात खिशात घालून उतर."

"हात खिशात घालून शिडी कशी उतरू?"

"मग मी उतरवते."

गुरुवारी सकाळी परांची निघाली, शिड्या गेल्या, उतारावर चरबी चोपडून झाली आणि तेवढ्यात एक नावाडी कुंपणाशी आला. त्याच्या होडीत जाळ्याखाली काहीतरी झाकलेलं होतं.

"विल्कॉट तूच ना? हा तुझा साहेब. लाइमहाउसच्या खांबाला अडकला होता. आधी मला वाटलं बुडालेला माणूस. मग मागे जे.डब्ल्यू. दिसलं."

ओकचा नेपच्यून. चिखलात माखलेला आणि नाक मोडलेला. बाकी ठणठणीत.

जेथ्रोने जहाजाकडे बघितलं. पिछाडी वीस हात उंच, शिडी नाही, खाली माणसांची गर्दी आणि घंटा सुरू. आता बदलणं शक्य नव्हतं.

टॅमसिन मात्र जहाजाकडे बघत नव्हती. ती दिवाणखान्याकडे बघत होती, तिथे मेजवानीच्या टेबलावर मधोमध एक मोठा रिकामा चांदीचा थाळा होता.

"नाही," जेथ्रो म्हणाला.

"मी काही बोललेच नाही," टॅमसिन म्हणाली. "धुऊन आण त्याला. मी नाक करते."

कान

जहाज सुटलं. लोक वा म्हणाले.

हे जेथ्रोने ऐकलं, पण त्याला आनंद होईना. सगळे वर बघत होते आणि तो आभाळाकडे बघत होता. सूर्य निघाला होता. उन्हाने पिछाडी तापली तशी काठावर एक मंद वास पसरू लागला. सुंठ, काकवी, किंचित मिरी.

"कसला वास हो?" एका बाईने विचारलं.

"नव्या लाकडाचा," जेथ्रो म्हणाला.

लोकांच्या तोंडाला पाणी सुटलं. टॅमसिनची टोपली अर्ध्या तासात रिकामी झाली.

मग पहिला पांढरा समुद्रपक्षी आला. तो जलपऱ्यांवर बसला नाही, डॉल्फिनवर बसला नाही. तो नेपच्यूनच्या डोक्यावर बसला, वाकून कानामागच्या ओरखड्याकडे बघितलं आणि चोच मारली. दुसरा आला. तिसरा आला.

"बघा, बघा!" मिस्टर गॉज यांनी टोपी काढली. "समुद्राची पाखरं समुद्रदेवाला वंदन करतायत! माझ्या डोक्यावर! शुभशकुन!"

"नेम धरतायत," त्यांची बायको म्हणाली. तिला नवऱ्याच्या डोक्यावर बसणाऱ्या कशाचंच कौतुक नव्हतं.

जहाज नदीच्या मध्यावर नांगराला थांबलं. कॅप्टन स्टब मागच्या सज्जात उभा होता. वर पाखरांची हाणामारी चालली होती. त्यातून काहीतरी सुटलं, त्याच्या टोपीवर आपटलं आणि पायाशी पडलं.

काठावरून जेथ्रोने ते पाहिलं. कॅप्टनने वाकून वस्तू उचलली. उलटी केली. हुंगली. मग वर बघितलं, देवाला उजवा कान नव्हता. मग सरळ काठाकडे, चारशे माणसांतून नेमकं जेथ्रोकडे.

आणि चावा घेतला.

नाक

मेजवानीला पन्नास माणसं होती. थाळ्यात नेपच्यून. टॅमसिनने त्याला धुऊन, पुसून, अंड्याचा पांढरा बलक फासून पुन्हा वर्ख लावला होता. नाक ताजं, दुपारच्या भट्टीतलं.

कॅप्टन स्टब टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. तो अधूनमधून खिशात हात घाली, काहीतरी तोंडात टाकी आणि जेथ्रोकडे बघून चावत राही.

मिस्टर गॉज सुरी घेऊन उठले. "मित्रहो! रिवाजाप्रमाणे पहिला तुकडा मालकाचा. मी नाकापासून सुरुवात करतो."

सुरी घातली. नाक अलगद सुटलं. मिस्टर गॉज यांनी खाल्लं आणि डोळे मिटले.

"वा! माझंच नाक, आणि इतकं चविष्ट!"

"तीस वर्षांत पहिल्यांदा कामाला आलं," बायको म्हणाली.

"आता गाल." टक्. मिस्टर गॉज यांनी सुरीकडे बघितलं. पुन्हा. टक्. "विल्कॉटबाई, हे किती भाजलंत?"

"साहेब, चेहरा करारी हवा, असं तुम्हीच म्हणाला होता."

"हो, पण दात..."

"सुरीचं काम नाही ते," गोदीतला एक सुतार उठला. "मी कुऱ्हाड आणतो. दोन घावांत पन्नास तुकडे करतो."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुऱ्हाड आली. एक घाव बसला की आतला ओक दिसणार. ओक दिसला की कुणीतरी विचारणार, मग जिंजरब्रेड कुठे आहे? आणि मग पन्नासच्या पन्नास माणसं खिडकीतून नदीकडे बघणार. दुसरं जहाज गेलं. पहिल्याचं नाव गेलं. चाराचे तीन झाले.

सुताराने कुऱ्हाड उचलली.

"थांब!"

कॅप्टन स्टब उभा राहिला होता. तो तोंडातला घास गिळेपर्यंत सगळे थांबले.

"समुद्रदेवाचं नाक कापलंत, तेवढं पुरे. जहाज अजून नदीतच आहे. देवाचं डोकं फोडून निघालेलं जहाज मी नेणार नाही. माझे खलाशीही येणार नाहीत. परत येईपर्यंत डोकं जसंच्या तसं राहिलं पाहिजे." तो टेबलाला वळसा घालून आला. "लाकडाला हात लावून सांगतो," म्हणाला, आणि हात टेबलावर न ठेवता नेपच्यूनच्या कपाळावर ठेवला. जेथ्रोकडे बघत. टकटक वाजवलंसुद्धा.

मिस्टर गॉज यांना देव म्हणवून घेण्यात काही वावगं वाटलं नाही. कुऱ्हाड परत गेली. चीज आलं.

बाहेर, पायऱ्यांवर, कॅप्टनने जेथ्रोला गाठलं.

"कॅप्टनसाहेब, मी ओकचं डोकं दुरुस्त करून सोमवारी येतो, तुम्ही निघायच्या आत वर बसवतो, शप्पथ..."

"बसवलंस तर मालकाला सांगेन."

जेथ्रोला समजेना.

"विल्कॉट, तुझं काम किती जहाजांवर गेलं?"

"चौदा," जेथ्रो ताठ झाला. "माझी एक जलपरी जमैकाला आहे. एक घोडा सुरतेला."

"जमैकाला खिळे पोचले," कॅप्टन म्हणाला, पण या वेळी थुंकला नाही. "वादळात पिछाडी जड झाली की आम्ही कुऱ्हाड घेतो. आधी देव जातो, मग पऱ्या. उरलेलं थंडीत चुलीला. वीस वर्षांत अकरा डोकी मी स्वतः बिस्केच्या उपसागरात सोडली. त्यातली किती तुझी होती, मागे बघितलं नाही."

जेथ्रो पायरीवर बसला. चौदा जहाजं. त्याला वाटत होतं, आपला हात जगभर हिंडतोय.

"हे नवं मात्र एखादी बाई काखेतून नेईल एवढं हलकं आहे," कॅप्टन म्हणाला, "आणि बिस्केत त्याचं काय करायचं ते माझ्या माणसांना सांगावं लागणार नाही. मालक नदीच्या मुखाजवळ ग्रेव्हझेंडच्या वळणापर्यंत होडीतून रुमाल हलवत येतो. तोवर पाखरं हाकलायला एक माणूस बसवतो. पुढे समुद्र माझा." त्याने खिशातून कानाची पाळी काढली, अर्धी मोडून जेथ्रोला दिली. "मिरी थोडी जास्त चालेल."

दाढी

तीन महिन्यांनी लिस्बनहून येणाऱ्या एका जहाजाने जेथ्रोला एक पाकीट आणून दिलं. आत कॅप्टन स्टबच्या वहीतून उतरवलेल्या ओळी होत्या. बाकी काही नाही, सहीसुद्धा नाही.

*सोमवार. ग्रेव्हझेंड मागे पडलं. रुमाल दिसेनासा. वारा नैऋत्य. डावा कान.*

*बुधवार. पाऊस. गालाला पोपडे आले. भिजायच्या आत दोन्ही गाल उतरवले. माणशी एक मूठ.*

*शनिवार. बिस्के. वारा वादळी. शिडं गुंडाळली. वरचं वजन उतरवायचा हुकूम दिला. आजवर इतक्या झटपट हुकूम पाळलेला पाहिला नाही. कपाळ.*

*रविवार. प्रार्थना. नाक. वाटणीवरून प्रार्थना लांबली.*

*मंगळवार. वारा पडला. उरलेलं डोकं खाली आणलं. माणसं खाण्याआधी बराच वेळ बघत बसली. पेल नावाचा खलाशी म्हणाला, पापणीला केस आहेत, मोजले, एकवीस. वीस हात उंचीवर कोण बघणार होतं, असं तो विचारत होता. त्याने पापणी खाल्ली नाही. पेटीत ठेवली. मुंग्या लागल्या. तरी ठेवली.*

*गुरुवार. दाढी. बटा अकरा, माणसं बारा. मारामारी. एकाचा दात गेला. पुढच्या वेळी एक बट वाढवावी.*

जेथ्रोने शेवटची ओळ वाचली. मग उभं राहून वाचली. मग दुकानात गेला, गिऱ्हाईक असताना, मोठ्याने वाचली.

"ऐकलंस? कॅप्टनचा लेखी हुकूम आहे. एक बट कमी होती! मी तेव्हाच सांगत होतो!"

"तू सांगत नव्हतास, तू वर चढला होतास," टॅमसिन म्हणाली. पण कागद तिने त्याच्या हातातून घेतला आणि पापणीची ओळ स्वतःशी पुन्हा वाचली. तेवढ्यात गिऱ्हाइकाने तिच्या नकळत दोन जिंजरब्रेड खाल्ले.

मिस्टर गॉज यांचं दुसरं जहाज मेमधल्या मोठ्या भरतीला सुटायचं आहे. नाव 'मॉडेस्टी', म्हणजे साधेपणा. पिछाडीवर बारा जलपऱ्या. त्या जहाजाचा कॅप्टन जेथ्रोला येऊन भेटला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "स्टबसारखंच. सगळं." जेथ्रो आता दुकानाच्या दर्शनी खिडकीत बसून बारा जलपऱ्यांचे साचे कोरतो, उलटे, दार उघडं टाकून. प्रत्येकावर समोर जे.डब्ल्यू. आणि त्याच्याखाली, टॅमसिनने आयत्या वेळी अट वाढवली म्हणून, टी.डब्ल्यू.

ओकचा नेपच्यून दारावर टांगला आहे. त्याला रोज सकाळी टॅमसिन ताजं नाक बसवते. दुपारपर्यंत राहत नाही.

परवा दोन खलाशी झिंगत रस्त्याने चालले होते. समोरच्या गोदीत एक जुनं सरकारी जहाज दुरुस्तीला आलं होतं, अजून सगळी सोनेरी नक्षी अंगावर घेऊन. एकाने बोट दाखवलं. "हा! हा! जिंजरब्रेड!"

जेथ्रोने पटाशी खाली ठेवली. टॅमसिनने काउंटरची कड घट्ट धरली. त्याचे आता मोजकेच दात उरले होते.

"नाही रे," जेथ्रो खिडकीतून ओरडला. "तो ओक आहे. तुमचं नशीबच फुटकं!"

आणि तो पुन्हा जलपरीकडे वळला. केस झाले होते, शेपटी झाली होती, खवले झाले होते. टॅमसिन मागून येऊन उभी राहिली. त्याने पटाशी पुसली, बाजूला ठेवली, आणि वळून तिच्याकडे बघितलं, पुरे ऐकायच्या तयारीने.

टॅमसिन वाकून साच्यात बघत राहिली.

"डाव्या बाजूला," ती म्हणाली, "थोडी जागा आहे."